साबणाला चौक ठाऊक नाही

मास्तर, उद्या सकाळी नव्या नळांतून पाणी सोडायचं आहे आणि मी कंदील लावून तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुमच्याखेरीज हे सांगावं असं कोणी नाही. तुम्ही तर तापाच्या साथीत गेलात, तेव्हा मी अजून मॅट्रिकही झालो नव्हतो.

पंचवटीतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. काकू चुलीशी पोळ्या करताहेत आणि तुम्ही त्यांच्याच परातीत धुण्याचा साबण कालवता आहात. काकू म्हणतात, "आज पोळ्यांना फेस येणार वाटतं!" तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये लाखेने तीन खिळे उभे चिकटवलेले. ते परातीत बुडवून वर काढलेत, तर खिळ्याखिळ्यांतून निघालेले साबणाचे तीन पडदे मधोमध एका जागी मिळालेले, तिन्ही कोन अगदी सारखे. "साबण महाकंजूष आहे," तुम्ही म्हणालात. "हवा पोटात धरायची तर कमीत कमी कातडं लागावं म्हणून त्याचा फुगा गोल. तीन गावं जोडायला सांग, सगळ्यात कमी लांबीचा रस्ता काढून देईल." मला तो मधला सांधा एका खिळ्याकडे सरकवायचा होता. बोट लावलं, पडदा फुटला. तेव्हा तुम्ही कडाडलात, "साबणाला शिकवू नकोस, त्याला विचार!" आणि संध्याकाळी त्याच काचा मला देऊन टाकल्यात.

मी आता पाण्याच्या कामांवर ओव्हरसिअर आहे. परवा एका इंग्रजी मासिकात वाचलं, की यंत्राचा दांडा पिळला तर कुठे तुटेल हेसुद्धा हल्ली साबणाच्या पडद्यावरून ताडतात. तुम्ही असता तर सगळी आळी गोळा केली असतीत. माझं काम त्यामानाने साधं. सिन्नरच्या बाजूला एका माळावर टेकाडावरची टाकी आणि दोन वस्त्या जोडायच्या. मंदीचं कारण सांगून साहेबांनी नळ अपुरे मंजूर केले. टाकीपासून दोन सरळ फाटे काढले तर नळ मध्येच संपून वरची वस्ती कोरडीच राहत होती. मी नकाशावर काचा ठेवून खिळे बसवले आणि साबणाला विचारलं. त्याने दाखवलेल्या जागी सांधा घेतला तर नळ पुरले, वर थोडे उरलेसुद्धा.

पण चर खणले तशा चरांच्या कडेने लोकांच्या पायवाटा पडल्या आणि सांध्यावर आयता तिवाटा तयार झाला. गेल्या आठवड्यात तिथे कुंकू लावलेलं लिंबू दिसलं. वरच्या वस्तीतली एक म्हातारी बायांना घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "रावसाहेब, तिवाट्यावर आमी उतारा टाकीतो. तिथून आलेलं पानी लेकरांना पाजायचं व्हय? आमची विहीर लांब हाय, पन बरी हाय."

मास्तर, मी घाबरलो. कोन, लांबी सगळं बाजूला राहिलं. तोंडातून निघून गेलं, "आजी, इथून गुरांसाठी चौथा फाटा काढतो, पाण्याची डोण बांधतो. मग तिवाटा राहील का?"

म्हातारीने बायांकडे पाहिलं. "मंग चौक झाला की! चौकाला आमच्यात काय नाय."

उरलेले नळ त्यात गेले. आता भीती ही, की डोणीने पाणी ओढलं तर वरच्या वस्तीपर्यंत ते चढेल का? टाकीची उंची जेमतेम आहे. नाही चढलं तर चौथा फाटा बंद करावा लागेल, मग पुन्हा तिवाटा, आणि पाणी येऊनही त्या बाया विहिरीवरच जातील.

आज दुपारी काचांवर चार खिळे बसवून पाहिले. साबण काही चौक करत नाही. चारांचेही तो दोन तिवाटे करतो. चार वेळा बुडवलं, तेच उत्तर. हे म्हातारीला मी सांगणार नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही तेच बरं. कारण संध्याकाळी चौकातला तो सांधा शेवटचा तपासायला गेलो तेव्हा तिथे एक नवं लिंबू पडलेलं होतं. मजूर ते ओलांडून सरळ गेले. तुमच्याकडून सगळ्यात जवळची वाट शिकलेला मी मात्र, कोणी पाहत नाही असं बघून, वळसा घालून गेलो.