लाँड्रीत समुद्री चाचे

१ तारीख, मंगळवार

भाऊजींनी मोबाईलवाल्याला शब्द दिला! मला न विचारता. पुढच्या एक तारखेला लाँड्रीची किल्ली त्याच्या हातात आणि तिथे मोबाईलचं दुकान. शर्टाची बाही दाबता दाबता असं सांगितलं, जणू घरातलं दूध संपलंय.

"दादा होता तोवर दुकान होतं, वहिनी. आता नुसती इस्त्री आहे. समोर ती यंत्रांची लाँड्री आलीय. तुम्ही लेकीकडे जा. आराम करा."

आराम! लेकीकडे मला कपड्याला हात लावू देत नाहीत. सोफ्यावर बसवतात आणि रिमोट हातात देतात. तो मला धड चालवताही येत नाही.

ह्यांनी आयुष्य काढलं त्या दुकानात. मीही काढलं. मी म्हटलं, महिना आहे ना अजून? मग महिनाभर दुकान माझ्या डोक्याने चालेल.

"चालवा," म्हणाले. "नाहीतरी बंदच करायचंय."

३ तारीख, गुरुवार

कपडे बांधायला रद्दी लागते. मी वाचायला शिकले ती याच रद्दीवर. शाळा नाही, मास्तर नाही, एकेक अक्षर चाचपडत. सवय अजून गेली नाही. गठ्ठा बांधण्याआधी कागद वाचून काढते. गिऱ्हाईक खोळंबतं. खोळंबू दे.

आज एका कागदावर मिळालं — लोक कसले कसले दिवस साजरे करतात! समुद्री चाच्यांसारखं बोलायचा दिवस. सुपरहीरोंचा. जुळ्यांसारखे कपडे घालायचा. मूकपटांचा. हसून पुरेवाट झाली. पण कागद नेमका तारखांवर फाटलेला. दिवस आहेत, तारखा नाहीत!

बरंच झालं. तारखा आपणच ठरवू. पोशाखांची तर काही कमी नाही. मागच्या दांडीवर लोक विसरून गेलेले कपडे वर्षानुवर्षं लटकलेत. हे म्हणायचे, "राहू दे गं, पाहुणे आहेत ते."

भाऊजींना बेत सांगितला. इस्त्री हवेतच राहिली. "वहिनी, लोक आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकतील."

"तिथले कपडे कोण धुतं तेवढं विचारून या," मी म्हटलं.

७ तारीख, सोमवार — चाच्यांचा दिवस

मी: दांडीवरचा लांब काळा कोट, कमरेला पडद्याची दोरी, एका डोळ्यावर खळ देऊन कडक केलेली काळी चिंधी. खळ जरा जास्तच झाली, दिवसभर गाल टोचत होता. दारात पांढऱ्या चादरी शिडांसारख्या टांगल्या. फळ्यावर लिहिलं: चाच्यासारखं बोला, एका शर्टाची इस्त्री फुकट.

भाऊजी रोजच्या कपड्यांत. पाठ माझ्याकडे.

एका डोळ्याने इस्त्री करता येत नाही! बाही समजून मी टेबलालाच इस्त्री करत बसले होते.

पहिला आला बँकेतला कारकून. जन्मात कधी हसलेला नाही. फळा वाचला. मागे कोणी आहे का पाहिलं. खाकरला. आणि एकदम केवढ्याने ओरडला, "ए जहाजवाल्या! माझी पँट टाक, नाहीतर जहाज बुडवीन!"

भाऊजींनी घाबरून खरंच टाकली पँट. त्याच्या तोंडावर!

९ तारीख, बुधवार

गर्दी होते. बघतात, हसतात, फोटो काढतात. कपडे मात्र समोरच्या यंत्रात! आज एक जण तिथे धुतलेल्या कपड्यांची पिशवी खांद्याला लावूनच आमच्याकडे हसायला आला. वर विचारतो कसा, "मावशी, पुढचा दिवस कुठला?"

भाऊजींनी त्या पिशवीकडे बोट दाखवलं. त्यातच सगळं आलं.

मोबाईलवाला मापं घेऊन गेला. मागची दांडी काढून तिथे काचेचं कपाट येणार म्हणे.

१४ तारीख, सोमवार — सुपरहीरोंचा दिवस

आज मेले होते मी!

भाऊजींच्या फार मागे लागले. खांद्यावर नुसतं काहीतरी टाका, तेवढंच. वैतागून त्यांनी हाताला आलं ते ओढलं आणि गळ्याशी पिन लावली. जांभळी मखमल. टेबलफॅनसमोर उभे राहिले तर पाठीमागे अशी काय फडफडली! मी टाळ्या वाजवल्या.

आणि दारात मुख्याध्यापिका बाई. निवृत्त झाल्यात, पण त्या आल्या की गल्लीतले लोक आपोआप रांगेत उभे राहतात. भाऊजी त्यांच्याच शाळेतले.

"हा माझ्या दिवाणखान्याचा पडदा आहे."

भाऊजींनी दोन्ही हात मागे बांधले. पन्नाशी उलटलेला माणूस!

"तो उडतोय का?"

"वाळतोय, बाई."

"वळून दाखव."

वळले बिचारे. पंख्याने पडदा आणखीच उंच नेला. बाईंनी चष्मा सारखा केला. मी मनात दुकानाला कुलूप लावून टाकलं होतं.

"इतकी वर्षं हा खिडकीवर मेल्यासारखा लटकतोय," बाई म्हणाल्या. "याच्यात इतका जीव आहे हे मला माहीतच नव्हतं."

संध्याकाळी रिक्षा करून परत आल्या. घरातले उरलेले सगळे पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं. "हेही उडवून द्या."

१५ तारीख, मंगळवार

बाईंनी आणखी कुणाकुणाला सांगितलंय. दिवसभर पडदे! भाऊजी कुरकुरतात, पण पंखा बंद करत नाहीत.

१८ तारीख, शुक्रवार — मूकपटांचा दिवस

नियम: दुकानात कोणी बोलायचं नाही. सगळं खुणांनी.

शेजारच्या सलूनवाल्याने दोन्ही हात जोरजोरात हलवून खळ नको म्हणून सांगितलं. भाऊजींना वाटलं, भरपूर दे म्हणतोय. त्याचा शर्ट टेबलावर आपला आपण उभा राहिला! तोच घालून गेला तो. नंतर खिडकीतून पाहिलं तर कोपरं न वाकवता गिऱ्हाइकाची दाढी करतोय. गिऱ्हाइकाने डोळे गच्च मिटून घेतलेले.

दुपारी मात्र कोणी नव्हतं. नुसता वाफेचा आवाज. हे गेले तेव्हा दुकान असंच झालं होतं. एरवी हे कसले गप्प बसायचे! प्रत्येक शर्ट कॉलरला धरून उचलायचे आणि त्याच्याशी बोलायचे. "या साहेब! काल पार्टी झाली वाटतं? रस्सा कुठे सांडलात?" भाऊजी तेव्हाही गप्पच असायचे, पण ऐकत असायचे. हे आत्ता कळतंय मला.

मला राहवेना. कारकुनाचा शर्ट उचलला आणि म्हटलं, "काय साहेब, पोट सुटलं वाटतं!"

भाऊजींनी नियम दाखवला नाही. मग नाक पुसून म्हणाले, "दादा याला बटाटा म्हणायचा."

मूकपट संपला!

२२ तारीख, मंगळवार — जुळ्यांचा दिवस

दोघांना एकसारखे निळ्या रेघांचे शर्ट. भाऊजी पाठमोरे उभे होते, अगदी ह्यांच्यासारखे. पुढचं लिहीत नाही.

२९ तारीख, मंगळवार

काम वाढलंय, खोटं कशाला बोलू? समोरच्या यंत्रांपुढे काही नाही, पण आम्हा दोघांना पुरून उरेल इतकं. आज धीर करून विचारलं — आता तरी?

"शब्द दिलाय, वहिनी."

"परत घ्या."

"दिलेला शब्द परत घेतात होय? तो काय शर्ट आहे?"

ह्यांचा भाऊ शोभतो! एकदा बोलला की संपलं. मग भांडले नाही. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुझी खोली तयार आहे." आवाजात इतका आनंद, की मला वाईट वाटलं वाईट वाटल्याचं.

३० तारीख, बुधवार

दांडीवरचे कपडे उतरवून घड्या घातल्या. सगळ्यांना इस्त्री केली. पाहुण्यांना चुरगळलेलं कसं पाठवायचं?

भाऊजी मदतीला आले नाहीत. दारात स्टूल टाकून बसले होते. येणारा प्रत्येक जण विचारत होता, उद्या कुठला दिवस? ते मान हलवत होते. ती हो होती की नाही, मला काही कळलं नाही.

१ तारीख, गुरुवार

मोबाईलवाल्याने किल्लीसाठी हात पुढे केला. भाऊजी शर्टावरची नजर न काढता म्हणाले, "आज किल्ली हरवायचा दिवस आहे."

"म्हणजे? मग उद्या येऊ का?"

"उद्या शोधायचा. तो फार मोठा असतो. वर्ष-दोन वर्षं चालतो."

किल्ली त्यांच्याच शर्टाच्या खिशात होती. पातळ कापड. मला दिसत होती. मोबाईलवाल्यालाही दिसत होती.