नॉर्मन राजा तेरणेच्या वाळूत पडतो

अब्बा,

आज मराठीतून लिहितेय. तुम्ही असता तर कपाळाला आठ्या घालून विचारलं असतं, उर्दू विसरलीस का? विसरले नाही. पण जन्मभर मुलांना मराठीतून इतिहास शिकवला, आता मनातलंही त्याच भाषेत येतं. काल नातीच्या पुस्तकात तो दिसला, तुमचा नॉर्मन राजा, समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकायला निघालेला. एवढ्याशा चौकोनात बसवलाय बिचाऱ्याला. मला हसूच आलं, कारण मी त्याला तेरणेच्या वाळूत सपशेल पालथा पडलेला पाहिलाय.

निजामाच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी. नमाज झाली की तुम्ही मला नदीवर नेता. नदी म्हणजे समुद्र, छत्री म्हणजे भाला. आधी चष्मा काढून शेरवानीच्या खिशात ठेवता, मग होडीतून उडी मारल्यासारखे धाडकन पडता. राजा पहिल्याच पावलाला पडला म्हणून फौज घाबरते, आणि तुम्ही वाळूची मूठ उघडून दाखवता, की बघा, मुलूख माझ्या हातात आलाय. कपडे धुणाऱ्या बाया पदर तोंडाला लावतात. "मास्तरला पडायची लई हौस," असं एकजण तरी म्हणतेच. घरी अम्मी शेरवानी झटकत पुटपुटते, "बच्ची को ये क्या सिखाते जी?"

पुढचं मात्र तुम्ही कधी करून दाखवलं नाहीत, बसून सांगितलंत. त्यानं उत्तरेकडची गावं जाळली, उभं धान्य जाळलं, माणसं उपाशी मेली. संध्याकाळी घंटा झाली की लोकांना चुली विझवाव्या लागत. मरताना त्याला ती गावं आठवत होती म्हणे, आणि डोळे मिटले तसे नोकर सामान घेऊन पळाले. मग त्याचं कौतुक कशाला करता, असं मी विचारलं, तेव्हा चांगलंच झापलंत मला. "गिरके बी अक्कल चली, इस वास्ते होशियार. जमीन पराई थी, वो भूलने को किसने बोला?"

निजामाचं राज्य गेलं, गावात कुणी आमच्याशी मोकळं बोलेना. मामूंनी हैदराबाद गाठलं आणि अम्मीनं धोसरा लावला, आपणही जायचं. तिची भीती खोटी नव्हती, म्हणून तुम्ही वाद घातला नाहीत. मुकाट सामान बांधत राहिलात, पण जेवण तुटलं तुमचं. मला गाव सोडायचं नव्हतं आणि तुमचा फार राग आला होता. त्या सकाळी शेजारच्या काकांची बैलगाडी दारात आली. भांडी चढली, पेटी चढली, माझी बकरीसुद्धा चढली. तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंत आणि धाडकन पालथे पडलात.

"मास्तर, लागलं का वो?" काका धावले.

अम्मी पायरीवर मटकन बसली. शकुन-अपशकुन फार मानायची ती. "पहिलाच कदम," ती रडत म्हणाली, "अब नक्को. मैं नै जाती."

"जाऊ नगा, वैनी. आमी हाव की हितं," असं म्हणत काकांनी बैल सोडले. तुम्ही धुळीतच बसून होतात. माझ्याकडं पाहून मूठ उघडलीत, आत अंगणातली काळी माती होती. "ये पराई नै, बेटा," एवढंच म्हणालात. तुमच्यावर इतकं प्रेम मला पुन्हा कधीच वाटलं नसेल.

उंबऱ्याला पाय अडखळला, असंच तुम्ही शेवटपर्यंत सांगत आलात. आता तुम्ही आणि अम्मी दोघंही गावाच्याच मातीत शेजारी-शेजारी आहात, म्हणून हे पत्र कुठं टाकत नाही, तुमच्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवते. एक मात्र सांगून टाकते. पडलात तेव्हा चष्मा तुमच्या डोळ्यांवर नव्हता, हे मी पाहिलं होतं. आणि मी एकटीनंच नाही. तुम्ही काकांबरोबर ओट्यावर चहा घेत होतात, तेव्हा अम्मीनं आत शेरवानी झटकायला घेतली. खिशातला चष्मा तिच्या हाताला लागला. तिनं तो पदरानं पुसला, होता तिथंच परत ठेवला, आणि माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.