डोळा देणाऱ्याचा घास

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मी टोचून लिहिते ते ब्रेल घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणून निर्धास्तपणे लिहिते आहे. लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं, तेही येत नाही.

देवी आल्या तेव्हा माझा उजवा डोळा गेला आणि डाव्यात पांढरं फूल पडलं. बाबा अमरावतीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं की अकोल्याला एक डॉक्टर मेलेल्या माणसाच्या डोळ्याची काच जित्या माणसाला बसवतात. आपण बडनेऱ्याहून गाडीनं गेलो. तू डॉक्टरांना म्हणालीस, "मेलेल्याचा कायले? माहा एक काढा अन् इले लावा." ते हसले नाहीत. जिवंत माणसाचा घेत नाही म्हणाले, आणि लेकरांच्या बाबतीत खात्रीही देत नाही. लहानाचं अंग परकी वस्तू लवकर ओळखतं आणि झिडकारतं. डोळा लाल झाला तर त्याच दिवशी आणा, असं मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. मग मी उताणी पडून आहे, डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. रडायचं नाही, शिंकायचं नाही. तू उशाशी बसून आहेस आणि मला हसूही देत नाहीस. पट्टी निघाल्यावर आधी दिसलं ते तुझ्या कपाळावरचं गोंदण. गोंदण बोटांना लागत नाही, त्यामुळे ते आहे हे मी विसरूनच गेले होते.

त्या भादव्यात तू छपराच्या कवेलूवर घास ठेवलास. बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून आपल्याकडे पित्रं बंद होती, ते चिडले. तू शांतपणे म्हणालीस, "आपल्या मेलेल्याईले मी कुठं घालून राहिलो? ज्यानं इले डोळा देल्ला, त्याले कोनी घातलं का नाही, आपल्याले काय माईत?" कावळा आला, आणि त्याच्या चोचीला चिकटलेलं शीत मला दिसलं.

तेव्हाच वस्तीत डोळ्यांची साथ होती. घरोघरी लेकरांचे डोळे आलेले, तसाच माझाही आला असं तू धरलंस आणि सगळ्या घालत होत्या तसं शेजारच्या बाळंतिणीचं दूध माझ्या डोळ्यात घातलंस. सगळ्यांचे बरे झाले. माझ्यावर मात्र दुधावर साय धरावी तसं धरत गेलं. अकोल्याला पोचेपर्यंत मला तुझं गोंदण दिसेनासं झालं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. वेळेवर आणूनही लेकरांचं असं होतं, म्हणाले. ते रागावले असते तर तुला बरं वाटलं असतं. तू त्यांचं म्हणणं कधी मानलं नाहीस, पण पुढच्या भादव्यातही घास ठेवलास.

काही वर्षांनी पोटाच्या दुखण्यानं तू त्याच दवाखान्यात जीव सोडलास. जाण्याआधी बाबांना म्हणालीस, "माहे दोन्ही देजा. लहान लेकराले देजा." बाबांनी दिले. पुढं डॉक्टरांनी निरोप धाडला की एक डोळा अचलपूरकडच्या एका लहान पोरीला बसवला. बाबांनी मला विचारलं, कसं आहे त्या पोरीचं, चौकशी करू का? मी नको म्हटलं.

आता डॉक्टर नाहीत, बाबाही नाहीत. ती पोर नातवंडांची आजी झाली असेल. दर भादव्यात मी चाचपडत गच्चीच्या कठड्यावर घास ठेवते, कावळ्याच्या पंखांचा आवाज आला की आत येते. अचलपूरची बस दारावरून जाते. जाऊन विचारलं तर अजूनही कुणी सांगेल. माझा डोळा गेला ते मी सोसलं माय, पण तिथंही तुझा टिकला नाही असं कळलं, तर ते मला सोसवणार नाही. म्हणून मी विचारत नाही.