आत्म्याची कॅसेट

विद्यानगर, हैदराबाद
१ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आणि तुमचा स्वभाव, दोन्हींना उतार असेल अशी आशा आहे. (गुडघ्याची काळजी जास्त वाटते. स्वभावाला औषध नाही, हे अख्ख्या नांदेडला ठाऊक आहे.)

आमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष सावित्रीबाईंनी तुम्हाला फोन करून माझी तक्रार केली म्हणे. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका. सरकारने दारं उघडल्यापासून साबणापासून संगीतापर्यंत सगळं तिकडून येतंय, आणि नारायणगुड्यातल्या एका दुकानात परदेशी कॅसेटचा ढीग पडलाय. मला एकादशीच्या भजनाआधी लावायला काहीतरी सात्त्विक हवं होतं. दुकानदाराने एका सावळ्या, भरल्या अंगाच्या बाईचं चित्र असलेली कॅसेट पुढे केली आणि म्हणाला, "अम्मा, ये सोल है. सोल बोले तो रूह." रूह म्हणजे आत्मा, एवढं हैदराबादेत जन्म गेल्यावर मला कळतं. अमेरिकेतली कोणी संतबाई असेल म्हणून घेतली.

लावली. आवाज घोगरा, खोल, आणि दम असा की बायकांनी आपोआप टाळ धरले. सावित्रीबाईंनी डोळे मिटून पदर डोळ्यांना लावला. (पुन्हा लावा, असं त्यांनीच सांगितलं. हे फोनवर बोलल्या नसतील.) एवढ्यात त्यांची सून प्रणिता दिलसुखनगरच्या कॉम्प्युटर क्लासवरून आली, दारातच फिसकन हसली आणि अर्थ सांगून मोकळी झाली. बाई देवाला आळवत नव्हती. घर सोडून गेलेल्या नवऱ्याला बजावत होती, की यायचं तर ये, पण उशी आता एकच आहे. झालं, टाळ खाली. सावित्रीबाईंनी माझ्या टेपरेकॉर्डरवर गोमूत्र शिंपडलं, तो तेव्हापासून घरघरतोय. आता फर्मान निघालंय की मी माफी मागायची, नाहीतर गणपतीतलं माझं गाणं रद्द. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला गायला सांगितलं होतं, दादा.

माफी मी मागणार नाही. कॅसेटमधला कागद प्रणिताने वाचून दाखवला. ही त्या बाईची पहिलीच रेकॉर्ड, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. बाईला न शोभणारा आवाज म्हणून कंपनीने गुंडाळून ठेवली, बिचारीने लाँड्रीत इस्त्री करत आयुष्य काढलं, आणि आता त्याच कंपनीने ती वाजतगाजत पुन्हा काढलीय. ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि कांदा अजून चिरायला घेतला नव्हता. १९५८ साली रेडिओच्या परीक्षेत मला नापास केलं तेव्हा पेटीवर तुम्हीच होता. येताना रिक्षात म्हणालात, कुसुम, गाण्याचा नाद सोड. मी सोडला. चुकलं माझं.

गणपतीत मी गाणार. मंडपात नाही तर आमच्या गच्चीवर उभी राहून गाईन. गच्ची मंडपाच्या बरोबर वर आहे, आणि आवाज माझा अजून खणखणीत आहे.

तुमची, पण तुमचं न ऐकणारी,
कुसुम

ता. क. : मंडळाचे पेटीवाले केशवराव माफीशिवाय साथीला बसायला नक्को म्हणतात. तेव्हा पेटी घेऊन तुम्ही या.

आणखी एक ता. क. : पेटीवर सूर काळी एकचा, म्हणजे खालचा धरायचा. पुरुषांचा आहे, ठाऊक आहे मला. परीक्षेच्या दिवशी, बायकांनी वरच्या काळी चारमध्येच गायचं असतं म्हणून तुम्ही हट्टाने तो सूर धरलात, आणि माझा आवाज तिथे पोचला नाही. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. शनिवारच्या गाडीने निघा, म्हणजे रविवारी तालीम करू.