दाबकोठीचा पहारा

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचा. बंदराच्या कचेरीने धक्क्यावरच खोली दिलीय. खाट, टेबल, कुरकुरणारा पंखा आणि खिडकीसमोर माझं जहाज. निवृत्तीनंतर आठ महिने मी घरात हिच्या पायात घुटमळत होतो, त्यामुळे हे काम आलं तेव्हा माझ्यापेक्षा हीच जास्त खूश झाली. काम मजेचं आहे. जहाज कोणतं ते ओळखायचं, बस. चाळीस वर्षं जहाजांचे आराखडे काढलेत. शेजारी रस्त्यात भेटला तर ओळखू येत नाही, पण जहाज मी पाठमोरंही ओळखतो.

हे मूळचं नौदलाचं, सुरुंग काढणारं जहाज. म्हातारपणी तोफ उतरवून त्याला पाणबुड्यांच्या दिमतीला दिलं, म्हणजे खोल पाण्यात उतरून काम करणाऱ्या माणसांना न्यायचं, आणायचं, सांभाळायचं. एकाच आराखड्यावर अशी दोन जुळी जहाजं बांधली होती. कागदांप्रमाणे एक भंगारात गेलं आणि दुसरं मुद्दाम समुद्रात बुडवलं. मग धक्क्याला उभं आहे ते कोण? नावावर रंगाचे थर चढलेत, पितळी पाटी कोणीतरी उपटून नेलीय. पंधराला, शनिवारी, तोडकाम सुरू होणार. त्याआधी मी नाव द्यायचं. लेकीला डॉक्टरांनी अठरा तारीख दिलीय. सोळाला घरी पोचलो की आजोबा व्हायला दोन दिवस हातात राहतात.

मंगळवार, ४ मार्च

आज वरचा डेक पालथा घातला. पुढे तोफेचं गोल कडं सापडलं, वरून पत्रा मारून झाकलेलं. मागे ओझी उचलायची यारी बसवलीय, धुराडं मूळच्यापेक्षा हातभर उंच केलंय. पण हे सगळं दोन्ही जुळ्यांत झालं होतं, त्यामुळे उपयोग शून्य. कचेरीतल्या साहेबांना वाटतं मी दुपारपर्यंत नाव सांगेन. त्यांना म्हटलं, मुलगी पसंत करायलाही माणूस दोनदा जातो.

फाटकावरचा राखणदार स्वतः जुना पाणबुड्या. कामगार त्याला बुडबुड्या म्हणतात. कानांनी ठार बहिरा, त्यामुळे त्याच्याशी कागदावर लिहून गप्पा माराव्या लागतात. माणूस गोड, पण जहाजाच्या शिडीवर पाय ठेवत नाही. कारण विचारलं तर गुडघे दाखवतो. माझेही तसेच आहेत, हे मी त्याला लिहून कळवलं.

गुरुवार, ६ मार्च

खालच्या मजल्यावर दाबकोठी आहे. आडवं ठेवलेलं जाड लोखंडी पिंप, आत माणूस वाकून उभा राहील एवढं. जाड काचेच्या झरोक्यातून पाहिलं. चार फळ्या, चार कांबळी, नीट घड्या केलेली. खोल पाण्यातून आलेल्या माणसाला एकदम मोकळ्या हवेत आणलं, तर उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा त्याच्या रक्ताला फेस येतो. म्हणून त्याला या कोठीत ठेवून दाब हळूहळू, कधी कधी दिवसच्या दिवस, उतरवत नेतात.

पत्रा किती झिजलाय हे मी हातोडीने ठोकून आवाजावरून ठरवतो. तीनदा, कमी नाही जास्त नाही. माझ्या पहिल्या साहेबांनी लावलेली सवय. सगळ्या भिंती झाल्या, कोठीवरही तीनदा ठोकलं. आतून एक टक् आलं. लोखंड तापतं, निवतं, बोलतं. त्यात नवीन काही नाही.

संध्याकाळी खोलीवर येताना सांधे फार ठणकले. वय झालं.

शुक्रवार, ७ मार्च

ओळखलं! नाव रंगवून बदलता येतं, खिडक्या बदलत नाहीत. जुन्या फोटोंत एकाच्या डाव्या अंगाला आठ गोल खिडक्या आहेत आणि बुडवलेल्याला सात, कारण कोठी बसवताना त्याची एक बुजवावी लागली. आज तिथला रंग खरवडला तर बुजवलेल्या खिडकीचा वळ मिळाला. म्हणजे हे बुडवलेलं जहाज. साहेब हसले. म्हणाले, कागदावरच बुडवलं असेल, आपल्या खात्यात काय काय बुडतं. सोमवारी लेखी अहवाल द्या म्हणाले. मी खुशीत बुडबुड्याला लिहून सांगितलं. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

त्याच्या फाटकापाशीच नाकातून रक्त आलं. खांदे, कोपरं, गुडघे कोणीतरी आतून पिळत होतं. पिशवी जहाजावर राहिली होती म्हणून कसाबसा परत गेलो, आणि कोठीजवळ पोचताच सगळं थांबलं. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. आज इथेच झोपतो.

सोमवार, १० मार्च

अजून इथेच. डॉक्टर येऊन गेला, ऊन लागलं म्हणाला. काल शिडीपर्यंतही जाता आलं नाही. आता कोठीपासून तीस पावलं. त्यापुढे कान फुटतील असं होतं.

आतून टक् येतं. आधी तासाला एक येत होतं, आता जास्त. हातोडीने एकदा उत्तर दिलं की थांबतं. नाही दिलं तर वाढत जातं, आणि माझ्या सांध्यांतलंही.

बुडबुड्याने जेवणाच्या डब्यातून चिठ्ठी पाठवलीय. कोठीबाहेर कायम एकजण पहाऱ्याला असतो. आतला एकदा ठोकतो, म्हणजे कोणी आहे का. बाहेरचा एकदा ठोकतो, म्हणजे आहे. पहारा बदलताना नवा माणूस तीनदा ठोकतो, म्हणजे आता मी आहे. त्यानंतर दुसऱ्या कोणी तीनदा ठोकल्याशिवाय त्याने हलायचं नाही. बुडबुड्या बावीस वर्षांचा असताना याच कोठीवर पहारा त्याचा होता. दहा मिनिटं हवा खायला वर गेला. खाली झडप सुटली. आतले चौघे गेले. मग त्यालाही हे ठोके ऐकू येऊ लागले, वर्षभराने कान गेले, तेव्हा कुठे सुटला. शेवटी लिहिलंय, साहेब, तुम्ही तीनदा तर ठोकलं नाही ना?



मंगळवार, ११ मार्च

झरोक्यातून पाहिलं. कांबळी उलगडलेली आहेत. चारही.

साहेबांना सांगितलं, तोडकाम पुढे ढकला. ते म्हणाले, विश्रांती घ्या. शनिवारी गॅसकटर आधी कोठीवरच चालणार, सगळ्यात जाड लोखंड तिचं. तिचा दाब एकदम सुटला तर माझंही—

गॅसकटरवाल्याला दया आली. काका, तुम्ही झोपा, मी बसतो म्हणाला आणि हातोडी उचलली. शिव्या देऊन हाकलला. त्याला दोन लहान मुली आहेत. एवढी माणुसकी अजून शिल्लक आहे.

बुधवार, १२ मार्च

दर पाच मिनिटांनी. झोप नाही. डोळा लागला की गुडघ्यात सळई—

हिचा फोन. आवाज असा का येतोय म्हणाली. काम लांबलं म्हणून सांगितलं. हिला खोटं कळतं.

गुरुवार, १३ मार्च

मुलगी झाली. पाच दिवस आधीच. दोघी सुखरूप. फोटो आलाय, मुठी आवळून झोपलीय. बघत बसलो आणि उत्तर द्यायला उशीर झाला. उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय.

आता ठोके चार ठिकाणांहून येतात. एकेकाला वेगळं उत्तर.

घरी जायचंय. त्या गॅसकटरवाल्याला उगाच हाकलला—

नाही. हे खोडायला हवं.

शुक्रवार, १४ मार्च

ही आलीय. लेकीला सासूच्या हवाली करून. जिना उतरली, मला पाहिलं, आणि भिंत धरून उभी राहिली.

बुडबुड्याने हिला सगळं लिहून दिलंय. विश्वास नाही हिचा. डोक्यावर परिणाम झालाय असं वाटतं. पण माझं समाधान व्हावं म्हणून — अहो, तीनदा ठोकायचं ना, मी ठोकते, तुम्ही उठा आणि नातीचं तोंड बघा, म्हणतेय. मी थोडा वेळ बसेन इथे, त्यात काय.

माझ्या हातातून हातोडी घेतली. मी दिली.

दोन पावलांवर आहे. हात धरता येईल. ओरडता येईल, आवाज आहे अजून.

एक.

वही खाली ठेवायला हवी. आधी वही

दोन.

गुडघा दुखायचा थांबला. मी लिहितोय. उठून हिचा हात धरायचं सोडून मी अजून लिहि—