न नाचवलेला डोमकावळा

३ ऑक्टोबर
आलो एकदाचा! थॉमसमामा गेला, त्याचं समुद्रकाठचं घर आता माझं. घर कसलं, खुराडंच. भिंतीभिंतीला वाळवलेल्या सामन माशांचा वास. पण जिन्याखाली देवदाराची पेटी आहे आणि पेटीत मामाचे कोरीव मुखवटे! आमचे गाववाले असलं सोनं चिंध्यांत गुंडाळून ठेवतात. धन्य आहे. व्हँकुव्हरच्या माझ्या कलादालनात त्यांना भिंत मिळेल, दिवे मिळतील.

४ ऑक्टोबर
सगळ्यांत झकास डोमकावळ्याचा मुखवटा. दोऱ्या ओढल्या की चोच दुभंगते, आत माणसाचा चेहरा. बैठकीत टांगला. शेजारी राहणारी विनीमावशी, मामाची बहीण, बघायला आली आणि तिनं थयथयाट केला. म्हणे, बाहेर काढलास ना, मग गाव जेवू घाल, गाणं म्हण, तोंडावर चढवून नाचव. नाहीतर आत्ताच्या आत्ता झाक. ताटकळत ठेवलास तर तो आपला नाचणारा आपणच शोधतो. मी म्हटलं, शोधू दे की, पगारावर ठेवू. तर म्हणते, शहरात अक्कल गहाण ठेवून आलास का रे रसेल, मेल्या? या फुकट्यांना मी जेवू घालायचं! माझ्याच रक्ताची माणसं, पण कीव येते.

६ ऑक्टोबर
चोच आपोआप उघडली. दमट हवा, लाकूड फुगतं, दुसरं काय. दोऱ्या करकचून बांधल्या. आतल्या चेहऱ्याच्या हनुवटीवर व्रण कोरलाय. लहानपणी मला गळ लागला होता, अगदी तिथेच. मामाची थट्टा असणार. भिकार थट्टा.

७ ऑक्टोबर
गाठी सुटलेल्या. दाढी करताना वस्तऱ्याला केस नाहीत — देवदाराचा भुसा. गाल हलत नाहीत. भीती वाटतेय. हो, वाटतेय.

८ ऑक्टोबर
मावशीला बोलवू? त्या गावंढळांपुढे नाक घासू? छे. स्वतःच उतरवायला गेलो. त्याचा गाल गरम. आणि दोऱ्या — माझ्या मनगटांना — कुणी बांधल्या?

९ ऑक्टोबर
भर दुपार. मावशी आली, कापड घेऊन. बरं झालं गं बाई — नाचवतो म्हणायचंय, गावजेवण घालतो — जबडा उघडत नाही. ती माझ्याकडे बघतच नाही. भिंतीपाशी जो उभा आहे त्याला म्हणाली, रसेल, उतरवलास ना, शहाणं माझं लेकरू, आण, मी गुंडाळते. तो हसला. माझे दात. मावशी, मी इकडे — हात अजून माझा आहे, हे वाच, मावशी — कापड तोंडाव