ॲडमिट न होणारं दुखणं

पिंपरी पेंढार,
८ जानेवारी २०२५

ती. गोरखभाऊस,
धाकट्या नूतनचा सा. न. वि. वि.

महाळुंग्याहून माहेरी येऊन आठवडा झाला. मोबाइल दादांच्याच हातात असतो. बिबट्या कुठं दिसला त्याचे मेसेज बघत बसतात. त्यांच्यापुढं तुझ्याशी बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

दिवाळीत बिबट्यानं दादांवर झडप घातली, त्याची खांद्यावरची जखम भरली. पण दादा दार लावून घरात बसलेत. आईला गोठ्यातही जाऊ देत नाहीत. परवा पत्र्यावर मांजरानं उडी मारली, तर कोयता घेऊन धावले. दारात आई उभी होती. थोडक्यात वाचली. ती म्हणते, आता बिबट्याचं नाय, यांचंच भ्या वाटतं.

मंचरला मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात असं कळलंय. तुझ्या कंपनीच्या विम्यात दादांचं नाव आहे. तिथं तो चालेल का, तेवढं विचार. वहिनीला नमस्कार, आणि तुझं पोट उतरल्याशिवाय लोणचं मिळणार नाही.

तुझी,
नूतन


भोसरी,
१३ जानेवारी

चि. नूतनस,
अनेक आशीर्वाद.

विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आजार विचारला आणि माझ्या तोंडून खांदा असं गेलं. शेजारी साहेब होते. मग जिन्यात जाऊन पुन्हा लावला, खरं सांगितलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. आपल्या पॉलिसीत ॲडमिट झालं तरच खर्च मिळतो, नुसत्या तपासणीचा आणि गोळ्यांचा नाही. मंचरचा दवाखाना त्यांच्या यादीत नाही, पुण्यातला एक आहे.

तेव्हा दादांना इकडं आणून ॲडमिटच करू. विमा आहे तर वापरू. त्यांची बॅग भर. आईला जप.

तुझा,
गोरखभाऊ


पिंपरी पेंढार,
२० जानेवारी

ती. गोरखभाऊस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, बॅग भरली नाही. आधी मी एकटीच मंचरला जाऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघितल्याशिवाय काही सांगणार नाही. पण जो आधीच कोंडून बसलाय, त्याला केवळ विमा मिळतो म्हणून आणखी एका खोलीत ठेवू नका. कोयता मात्र आजच हलवा. तो मी शेजारच्या मंगलकाकूंकडं ठेवलाय.

दादा काही ऐकेनात. मी काय येडा हाय का, म्हणाले. शेवटी आई म्हणाली, मग मीच जाते, मला तरी कुठं झोप हाय. खरंच लुगडं बदलून गाडीत बसली. गाडी सुरू झाली तसे दादा धावत आले. तिला एकटीला कशी सोडू, म्हणाले आणि शेजारी बसले.

आत दोघंही गेले. डॉक्टरीणबाईंनी काय होतं असं विचारलं, तर दादा लई वेळ रडले, असं आई सांगते. ॲडमिट करायची गरज नाही. गोळ्या दिल्यात, पुन्हा बोलावलंय. फी आपण दोघं मिळून भरू.

माया आहेच, राग विसर.
नूतन


पिंपरी पेंढार,
१८ फेब्रुवारी

चि. गोरखास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर तब्येत इचारतोस, पन तवा मला बोलाया जमत न्हाई. म्हनून लिवतो. गोळ्या चालू हायेत, झोप लागती. भ्या अजून हाय. डागदरीणबाई म्हनल्या, ते एकदम जायाचं न्हाई.

काल सकाळी तुझ्या आईसंगं गोठ्यात गेलो. दारात पाय आडला. ती शेजारी हुबी ऱ्हायली. मंग आत जाऊन म्हशीखाली बसलो. धार बादलीच्या भायेर जात व्हती. पन म्हशीनं पाय न्हाई हलवला. निम्मी बादली भरली.

सूनबाईला घेऊन ये. चहा त्याच दुधाचा करू.

तुझा,
दादा